घरातल्या खोलीत बांधलेली शिडाची होडी : ६३ पौंडांच्या ‘मिरर’ची गोष्ट आणि अशी होडी बांधतात कशी?

जानेवारी १९६३. ब्रिटनमध्ये अशी थंडी पडली होती की नद्या आणि तळी गोठली होती. काही ठिकाणी किनाऱ्याजवळच्या समुद्रावरही बर्फ साचला होता. अशा दिवसांत शिडाच्या होडीचा विचार कोण करेल?

पण त्याच महिन्यात लंडनच्या बोट शोमध्ये एक छोटी होडी लोकांसमोर आली. लांबी जेमतेम ११ फूट, शिडं लालभडक आणि पुढचं टोक चपटं. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. त्या काळात ब्रिटनमधल्या कामगाराचा हा साधारण चार आठवड्यांचा पगार होता. एकच गोष्ट वेगळी होती. या पैशांत तयार होडी मिळत नव्हती, तिचे सुटे भाग मिळत होते. होडी तुम्हालाच बांधायची होती.

ही होडी म्हणजे ‘मिरर डिंगी’. पुढे तिच्यासारख्या ७० हजारांहून जास्त होड्या झाल्या. त्यातल्या कितीतरी गॅरेजमध्ये, अंगणात आणि बैठकीच्या खोलीत तयार झाल्या. बांधणारे होते शिक्षक, कारकून, कामगार आणि त्यांची शाळकरी मुलं.

ज्यांनी आयुष्यात कधी स्टूलसुद्धा बनवलं नव्हतं, त्यांनी समुद्रात जाणारी होडी कशी बांधली? आणि ती बुडाली कशी नाही?

वर्तमानपत्राला होडी का विकायची होती?

‘मिरर’ हे नाव आलं ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वर्तमानपत्रावरून. या पेपरचा वाचक मुख्यतः कामगार आणि निम्न मध्यमवर्गातला होता. शिडाची होडी चालवणं हा तेव्हा ब्रिटनमध्ये बऱ्यापैकी पैसेवाल्यांचा छंद समजला जायचा. तो आपल्या वाचकाच्या आवाक्यात आणला, तर वाचकाला होडी मिळते आणि पेपरला जाहिरात, असा सरळ हिशोब होता. म्हणून शिडंसुद्धा पेपरच्या लाल रंगाची ठेवली गेली.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. त्याआधी १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या दुसऱ्या पेपरने ‘एंटरप्राइज’ नावाची होडी आणली होती. तिची शिडं निळी होती. मिररने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. होडी अशी हवी, की सुतारकाम न येणाऱ्या माणसालाही ती घरी बांधता येईल.

दोन माणसं, दोन कौशल्यं

या होडीमागे दोन नावं आहेत. पहिलं नाव बॅरी बकनेल. बीबीसीवर घरच्या घरी दुरुस्ती आणि सुतारकाम शिकवणारा हा चेहरा ब्रिटनमध्ये घरोघरी ओळखीचा होता. दुसरं नाव जॅक होल्ट. होल्ट हे छोट्या होड्यांचे नावाजलेले डिझायनर. १९४७ मध्ये मुलांसाठी आलेली ‘कॅडेट’ त्यांचीच आणि वर सांगितलेली ‘एंटरप्राइज’सुद्धा त्यांचीच.

बकनेल यांना सामान्य माणूस हातात करवत घेतल्यावर कुठे अडतो ते माहीत होतं. होल्ट यांना होडी पाण्यात गेल्यावर कुठे अडते ते माहीत होतं. १९६२ मध्ये या दोघांच्या कामातून मिरर तयार झाली.

जुन्या पद्धतीत अडचण काय होती?

लाकडी होडी बांधण्याची पारंपरिक पद्धत वेळखाऊ आहे. आधी खालचा मुख्य कणा, मग त्यावर बरगड्यांसारखा सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर एकेक फळी वाकवून बसवायची. प्रत्येक फळीचा बाक वेगळा असतो. ती शेजारच्या फळीला इतकी घट्ट बसायला हवी की मधून पाणी येता कामा नये. हे काम वडिलांकडून मुलाकडे, उस्तादाकडून शिकाऊ कारागिराकडे जायचं. पुस्तक वाचून ते येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यात एक बदल झाला. पाण्याने न सुटणारे गोंद आले आणि प्लायवूड भरवशाचं झालं. ब्रिटनचं ‘मॉस्किटो’ हे लढाऊ विमान मुख्यतः लाकूड आणि प्लायवूडचंच होतं. युद्ध संपल्यावर हेच साहित्य बाजारात आलं आणि होडी बांधणाऱ्यांनी ते उचललं.

अमेरिकेत १९४७ मध्ये फ्लोरिडातल्या क्लियरवॉटर गावात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही होडी तयार केली. ती ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडच्या दोन शीटमध्ये बसावी, अशी आखणी होती. आपल्याकडे फर्निचरसाठी ज्या मापाची शीट मिळते, तेच हे माप. आज भारतासह जगभरात लहान मुलं शिडाची होडी शिकतात ती बहुतेक वेळा ऑप्टिमिस्टवरच.

मग मिररने नवीन काय केलं?

मिररची खरी कमाल आहे ती तिच्या जोडणीत. इंग्रजीत या पद्धतीला ‘स्टिच अँड ग्लू’ म्हणतात, म्हणजे शिवा आणि चिकटवा. ही पद्धत केन लिटलडाइक या ब्रिटिश शिक्षकाने छोट्या कनू बांधण्यासाठी वापरली होती. मिररमुळे ती जगभर पोहोचली.

ही पद्धत समजून घ्यायला पळसाच्या पानांचा द्रोण आठवा. पान सपाट असतं. त्याच्या कडा दुमडून, काडी टोचून एकमेकींना जोडल्या की त्याला खोली येते. पानाला कुणी आतून सांगाडा दिलेला नसतो. आकार येतो तो कडा कशा जुळल्या त्यावरून.

होडीचंही तसंच आहे. प्लायवूडचे तुकडे जमिनीवर सपाट असतात, पण त्यांच्या कडा ठरवून वक्र कापलेल्या असतात. दोन वक्र कडा एकमेकींना जुळवल्या की प्लायवूड आपोआप वाकतं आणि होडीचा आकार उभा राहतो. सगळी अक्कल त्या कडांच्या मापात असते आणि ते माप डिझायनरने आधीच काढून ठेवलेलं असतं.

मिररचं टोक चपटं का, याचं उत्तरही इथेच आहे. टोकदार नाळ करायची तर प्लायवूड खूप पिळावं लागतं. पुढे एक छोटी चौकोनी फळी लावली की काम सोपं होतं आणि लहान लांबीतही आत जास्त जागा मिळते.

होडी बांधतात कशी? टप्प्याटप्प्याने

१. आखणी आणि कापणी. नकाशातली मापं प्लायवूडवर उतरवायची, पातळ लवचीक पट्टी खिळ्यांच्या आधाराने वाकवून वक्ररेषा काढायची आणि कापायचं. छोट्या होडीला साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीचं मरीन प्लायवूड लागतं. डाव्या आणि उजव्या बाजूचे तुकडे एकावर एक ठेवून कापले की ते तंतोतंत सारखे निघतात.

२. भोकं आणि टाके. कडांजवळ ठरावीक अंतरावर बारीक भोकं पाडायची. तळाचे दोन तुकडे शेजारी ठेवून तांब्याच्या तारेने ‘शिवायचे’. मग पुस्तकासारखे उघडायचे. त्यानंतर दोन बाजू, पुढची फळी, मागची फळी. पक्कडीने तार पिळत गेलं की कडा जवळ येतात. सकाळी जमिनीवर पडलेलं लाकूड संध्याकाळी होडीसारखं दिसायला लागतं, ते याच टप्प्यात.

३. सरळ आहे ना, ते बघणं. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा टप्पा. होडी अजून ढिली असते. पुढच्या आणि मागच्या फळीवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि मागून एका डोळ्याने बघायचं. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर होडीला पीळ बसला आहे. आत्ता तो पाच मिनिटांत निघतो. रेझिन सुकल्यावर निघत नाही आणि अशी होडी पाण्यात कायम एका बाजूला ओढते.

४. चिकटवणं. आतल्या सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी ठेवून त्यात रेझिन मुरवायचं. मिररच्या सुरुवातीच्या काळात पॉलिएस्टर रेझिन वापरायचे, आता इपॉक्सी वापरतात. आतून सुकलं की होडी उलटी करायची, बाहेरच्या तारा कापायच्या, कडा घासून गोल करायच्या आणि बाहेरूनही पट्टी लावायची. आता सांधा दोन्हीकडून पकडलेला असतो. टाक्यांचं काम इथे संपतं.

५. हवाबंद कप्पे. होडीच्या पुढे आणि बाजूंना प्लायवूडचे बंद कप्पे केले जातात. मिररमध्ये असे चार स्वतंत्र कप्पे आहेत. बसायला जागा होते, होडी ताठ होते आणि होडी पाण्याने भरली तरी ती तरंगत राहते.

६. काठी, शीड आणि सुकाणू. मिररची डोलकाठी मुद्दाम आखूड आहे. तिच्यावर दुसरी काठी सरकवून जवळजवळ उभी करतात आणि त्यामुळे शिडाला उंची मिळते. फायदा असा की सगळ्या काठ्या होडीच्या आत मावतात. होडीचं वजन सुमारे ४५ किलो. दोन माणसं ती उचलून गाडीच्या टपावर ठेवू शकतात. ज्याच्याकडे किनाऱ्यावर जागा नाही, त्यालाही होडी ठेवता आली ती यामुळे.

७. रंग आणि व्हार्निश. प्लायवूडची कड ही सर्वांत कमकुवत जागा. पाणी तिथूनच आत शिरतं. रंगाच्या आधी प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रेझिनने बंद करावं लागतं.

११ फुटांची होडी माणसांना पेलते कशी?

इथे शाळेतलं आर्किमिडीजचं तत्त्व कामाला येतं. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. होडी ४५ किलो, शिडं आणि काठ्या १५ किलो, दोन माणसं १४० किलो असं धरलं तर एकूण २०० किलो झाले. म्हणजे होडीने २०० लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगते. ३.३ मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद होडीला त्यासाठी फार खोल जावं लागत नाही.

बंद कप्प्यांचा हिशोबही असाच. उलटलेल्या होडीत पाणी भरलं तरी कप्प्यांतली हवा तिला वर धरते. होडी सरळ करायची, पाणी उपसायचं आणि पुढे निघायचं. पण कप्प्याचा एक सांधा जरी गळका असला, तरी तो कप्पा हळूहळू भरतो आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून जाणकार बांधणारे रंग देण्याआधी कप्पे तपासतात. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून आत हलकी हवा फुंकायची. बुडबुडा आला तिथे गळती आहे.

शीड वाऱ्याने होडीला पुढेच नाही, बाजूलाही ढकलतं. ते रोखण्यासाठी होडीच्या मध्यातून एक पाटी पाण्यात सोडतात. ती असल्यामुळेच होडी वाऱ्याला तिरकी कापत पुढे जाऊ शकते. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जात नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की पाटी वर ओढून घेतात.

हौशी लोक कुठे चुकतात?

प्लायवूडमध्ये पैसे वाचवणं ही पहिली चूक. साधं व्यावसायिक प्लायवूड दुकानात मरीनसारखंच दिसतं, पण आतले थर पोकळ असू शकतात आणि गोंद पाण्यात टिकेलच असं नाही. भारतात मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. काही जण कापण्याआधी एक तुकडा उकळत्या पाण्यात काही तास ठेवून बघतात. थर सुटले तर ती शीट होडीसाठी नाही.

दुसरी चूक इपॉक्सीबद्दलची. रेझिन आणि हार्डनर यांचं प्रमाण कंपनीने दिलं आहे तेच ठेवावं लागतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर सांधा उलट कच्चा राहतो. मोठ्या भांड्यात एकदम जास्त मिश्रण केलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि हातातच घट्ट होतं. आपल्या उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर एक मेणचट थर येऊ शकतो. तो पाण्याने धुवून काढल्याशिवाय पुढचा थर दिला, तर तो नीट धरत नाही.

तिसरी चूक शरीराबद्दलची. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागलं की काहींना कायमची ॲलर्जी होते. हातमोजे, घासताना मास्क आणि उघड्या खिडक्या हे सगळं लागतंच.

आणि चौथी चूक ऐकून हसू येतं, पण ती खरंच होते. होडी तयार होते आणि दारातून बाहेर निघत नाही. काम सुरू करण्याआधी दार, जिना आणि वळण, तिन्ही मोजायचे.

महाराष्ट्र आणि गोव्याशी याचा काय संबंध?

लाकूड शिवून होडी बांधणं अरबी समुद्रासाठी नवीन नाही. युरोपियन जहाजं इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यांवर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेली जहाजं चालत होती. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते भारतीय नौदलात दाखल झालं.

दोन्हींत फरकही आहे. कौंडिण्यसारख्या जहाजात दोरी हाच जोड असतो. ती आयुष्यभर जहाज धरून ठेवते. मिररमध्ये तार फक्त रेझिन सुकेपर्यंत आकार धरते.

लाकूड, फायबरग्लास आणि रेझिन यांची जोडी आपल्याकडे मोठ्या बोटीतही दिसली आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ऑगस्ट २००९ ते मे २०१० असा तो प्रवास होता. हे काम व्यावसायिकांचं होतं, हौशी माणसाचं नाही. पण लाकडाला रेझिन आणि फायबरग्लासचं कवच दिलं तर ते समुद्र सहन करतं, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

पाण्यात जाण्याआधी

घरी बांधलेल्या होडीत पहिल्यांदा बसणारी माणसं बहुतेक वेळा घरचीच असतात. म्हणून पहिली फेरी लांबची नसते. कमरेएवढ्या शांत पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, होडी मुद्दाम उलटी करून बघायची. ती तरंगते का, कुठला कोपरा बुडतो, दोन माणसांना ती सरळ करता येते का, हे किनाऱ्याजवळ कळलेलं बरं.

पोहता येतं म्हणून जॅकेट न घालणं हा शहाणपणा नाही. वारा उलटा फिरला तर पोहणारा माणूसही दमतो. धरण, तलाव किंवा खाडीत होडी घालण्याआधी तिथल्या प्रशासनाकडे परवानगीची चौकशी करायला हवी. पावसाळ्यात आपला किनारा छोट्या होडीसाठी नाहीच. आणि उलटलेली होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही, हा जगभरचा पहिला नियम आहे. होडी दुरून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

६३ पौंडांनी काय बदललं?

मिरर ही जगातली वेगवान होडी कधीच नव्हती. पण ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत कितीतरी मुलं शिडाची होडी शिकली ती हिच्यावर. पुढे फायबरग्लासच्या मिररही आल्या, त्यामुळे ती घरीच बांधायला हवी अशी गरज उरली नाही.

ही चिमुकली होडी कुठपर्यंत जाऊ शकते, याचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या एका शाळेत शिकवणारे ए. जे. मॅकिनन १९९७ मध्ये शाळेतल्या एका जुन्या मिररमधून निघाले. नद्या, कालवे आणि मध्ये इंग्लिश खाडी असं करत, १२ देश ओलांडून ते जवळपास ४,९०० किलोमीटरवरच्या काळ्या समुद्राला पोहोचले. या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

बहुतेक मिरर मात्र इतक्या लांब गेल्या नाहीत. त्या शनिवारी गाडीच्या टपावरून जवळच्या तळ्यावर गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. ज्या घरांत त्याआधी कुणी शिडाला हात लावला नव्हता, त्या घरांतली मुलं त्यांत बसली होती. होडीला गळती लागली तर कुठे बघायचं, हे त्या मुलांना माहीत होतं. कारण तो सांधा चिकटवताना पट्टी त्यांनीच धरली होती.